कशानं लागलं

हापशाचा दांडा हातातून निसटला
आणि वर आला तो थेट पोटात.
सोमवार होता. मपल्या मागं अकरा घागरी नंबरला.
मी खाली बसले. कोणीतरी हसलं.
इंदूबाई म्हणली, आधी घागर तरी बाजूला घे.

घेतली. घरी आणली. भाकरी थापल्या.
मंगळवारी दिवसभर कापूस वेचला,
वाकताना ओढल्यासारखं व्हायचं, एवढंच.

बुधवारी बेंबीभोवती धरलं,
आतून कोणी अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं.
ओवा खाल्ला. वीट तापवून शेकलं.
(शेकलं म्हणल्यावर नंतर मॅडम केवढ्या ओरडल्या.)
गुरुवारी दुखणं उजवीकडं सरकलं, खाली,
आणि वसुलीला आल्यासारखं तिथंच बसलं.
रात्री उलट्या. उजाडेस्तोवर सरळ उभं राहता येईना.

ऑटोतून केज. केजवरून चिठ्ठी, अंबाजोगाई.
रस्त्यातला एक एक खड्डा पोटानं मोजला.

नवऱ्याचं नाव?
मी घेत नाही, सिस्टर हसली.
त्यांनीच दारातून सांगितलं, उत्तरेश्वर.

खतीब मॅडमनी चार बोटं रोवली, हळूहळू दाबलं.
मी गप्प.
मग एकदम हात उचलला
आणि तोंडातून गुरासारखा आवाज निघाला, मपला मलाच वळखू आला नाही.
"दाबल्यावर नाही. सोडल्यावर दुखतं ना?"
हो, मॅडम.
"अपेंडिक्स आहे. आजच काढावं लागेल.
आणि हे कशानं लागलं?"

निळा डाग. कडेनं पिवळा पडत चाललेला, बशीएवढा.
म्हणलं, हापशाचा दांडा लागला.

सिस्टरनं मॅडमकडं बघितलं.
मॅडमनी दाराकडं.
दारात हे, हातात मपल्या चपला धरून.

"तुम्ही बाहेर थांबा."
पडदा ओढला. स्टूल जवळ घेतलं.
"केवळबाई, खरं सांगा. भिऊ नका."

आता काय सांगावं माणसानं?
कान सुजला तेव्हा म्हणले होते, न्हाणीत घसरले.
ओठ फुटला तेव्हा, म्हशीनं मान झटकली.
मनगटाच्या वेळी म्हणले, जिन्यावरून पडले.
तेव्हा डॉक्टरनं मान हलवली
आणि कागदावर जिना लिहिला.
एवढं सगळं खपलं.
आज पहिल्यांदा खरं बोलले
तर तेवढंच खोटं निघालं.

मॅडम, अकरा घागरी होत्या साक्षीला.
इंदूबाईला फोन लावा.

चौकीतला पोलीस वही घेऊन आला.
पडद्यापलीकडं ह्यांचा आवाज, बारीक झालेला:
"देवाशपथ साहेब, या वेळी मी नाही."
मग कोणीच बोललं नाही.
या वेळी.
पेनाची टोपी लागल्याचा आवाज आला,
मग पुन्हा उघडल्याचा.

शुद्धीवर आले तर घशाला कोरड.
पाणी नाही, सिस्टर म्हणली, उद्यापर्यंत थेंब नाही.
ओला कापूस तेवढा ओठांवरून फिरवला.
मला हापसा आठवला. हसू आलं, टाक्यांनी येऊ दिलं नाही.

मॅडम सकाळी आल्या.
दांड्यानंच झालं का, विचारलं मी.
म्हणाल्या, सांगता येत नाही.
आतून आधीच सुजत आलं असेल,
माराचं निमित्त झालं असेल,
नसेलही. कागदावर आम्ही दोन्ही लिहितो.
ह्यांना ट्रेमध्ये दाखवलं म्हणे ते,
करंगळीएवढं, काळपट.
बघून भिंतीला टेकून खाली बसले.

दुपारी आले. डब्यात पेज.
"हापसाच सांगितलंस ना?"
हो.
"दुसरं काही?"
मी भिंतीकडं तोंड केलं. सावकाश,
एका हातानं पट्टी धरून.

चार वाजता पोलीस आला, जबाब अर्धा राहिलेला.
हां बाई, म्हणला, हापशापासून घ्यायचं का?

म्हणलं, नाही, मागून घ्या.
लिहा,
आमच्या घराला जिना नाही.